गाळपेरीतला टिलर

इंदापूर तालुक्यात यंत्र दोन बाजूंनी आले आणि दोन्ही बाजूंचे यंत्र वेगळे होते. दक्षिणेकडून, नीरेच्या अंगाने, ते कालव्याबरोबर आणि साखरेबरोबर आले. 1876-77 च्या दुष्काळात ज्याच्या कामावर माणसे राबली, तो नीरा डावा कालवा 1880 च्या दशकात बारामतीवरून इंदापूरकडे वाहू लागला. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. पुढे 1930 च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर वसले. उत्तरेकडच्या आम्हा भीमाकाठच्या गावांना त्या कालव्याचा ओलावा मिळाला नाही. पळसदेव, डाळज, भिगवण हा पट्टा मालदांडी ज्वारीचा, करडईचा, मेंढरांचा. 1858 साली पुण्याहून निघालेली आगगाडी आमच्या शेजारून दिक्साळपर्यंत पोचली आणि नंतर भीमा ओलांडून सोलापूरकडे गेली. शेतात मात्र बैलच राहिले. आमच्याकडे यंत्र आले ते नदीच्या काठाने, आधी पाणी उपसायला आणि मग फार उशिरा मातीत काम करायला.

मी पळसदेवचा. साठी जवळ आली आहे. जुन्या गावातले आमचे घर आणि नदीकाठची काळी जमीन उजनी धरणाच्या पाण्यात गेली, वरची मुरमाड राहिली. तीही भावाभावांत वाटली गेली. माझ्या वाट्याच्या तुकड्यात डाळिंब आणि पेरू आहे. दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर जात नाही. गेलाच तर फांद्या मोडतो आणि मुळ्यांवरची माती दाबून टाकतो. तेल्या रोगाने बाग बसली त्या काळात नवा छोटा ट्रॅक्टर घेण्याचा विचारही करता येत नव्हता. भिगवणच्या बाजूला एका भंगारवाल्याच्या आवारात मला दोन चाकांचा एक जुना पॉवर टिलर दिसला. बाभळीखाली पडून होता. बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने बनवलेला, आडव्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा. पाटीवरचा रंग उडाला होता, पण उठावाची अक्षरे बोटांना लागत होती. भंगारवाल्याने लोखंडाचा भाव लावला, वर हजारभर रुपये मागितले, आणि मी ते दिले.

पुतण्या पिकअप घेऊन आला होता. तो फ्लायव्हीलला हात लावून म्हणाला, "तात्या, ह्याच्यात जीव न्हाई राह्यला. पिस्टन धरलाय."

पिस्टन धरला होता हे खरे. पण बीड फुटलेले नव्हते, गिअरपेटीला चीर नव्हती, रोटरची साखळीपेटी शाबूत होती. जे बिघडले होते ते पडून राहून बिघडले होते. झिजलेले यंत्र आणि पडलेले यंत्र यांत फार फरक असतो. पडलेल्याला वेळ लागतो, पण ते परत येते.

हे यंत्र आमच्या शिवारात कसे आले, याचा शोध मी तेव्हापासून घेऊ लागलो. वडील सांगायचे त्या आठवणी, मिस्त्री लोकांची बोलणी आणि वाचनालयातली पुस्तके, यांतून जे जुळले ते इथे मांडतो आहे. शेतीच्या यंत्रांचा इतिहास लिहिताना लोक कारखान्याचा लिहितात. ज्याच्या हातात हँडल होते त्याचा फार कमी लिहिला जातो.

सुरुवात नांगरापासून करावी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात 1903 साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असे शेतकरी म्हणत आणि ते पहिले नांगर खपवायला त्यांना दोन वर्षे घालवावी लागली. 1910 मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. इकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी 1922 मध्ये कारखाना काढला. तेही नांगर करत, आणि 1930 च्या दशकात त्यांनी डिझेल इंजिन बनवायला घेतले. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते. 1940 मध्ये त्यांचा कारखाना वालचंद हिराचंद यांनी घेतला. म्हणजे आमच्या तालुक्यात साखरेचे गाव वसवणारा माणूस आणि आमच्या विहिरींवर पोचलेल्या इंजिनांचा मालक एकच झाला. 1946 मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाले, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत भीमाकाठची मोट थांबली.

मोट मी लहानपणी पाहिली आहे, पण चालताना कमी आणि विहिरीवर वाळत पडलेली जास्त. आमच्या वडिलांकडे पाच हॉर्सपॉवरचे उभे इंजिन होते. नदीच्या डोहातून पाणी उचलून ते ज्वारीला आणि थोड्या भाजीपाल्याला द्यायचे. इंजिन एका बैलगाडीत बसवलेले असे आणि पाणी मागे सरेल तशी गाडी पुढे नेत. कुणाचे इंजिन चालू आहे हे आवाजावरून ओळखू येई. राजकोटकडची हळू चालणारी इंजिने वेगळी बोलत, खडकीची वेगळी. वडील रात्री अंथरुणातून सांगत, "त्याच्या नोझलला कचरा आलाय." दुसऱ्या दिवशी तो माणूस नोझल घेऊन दारात उभा असे. शिकलेले मेकॅनिक तेव्हा फार नव्हते. इंजिन ज्याचे, त्यानेच ते उघडायचे, ही काठावरची रीत होती. ती रीत फार मोलाची होती असे माझे मत आहे, आणि तेच सांगणे हा या लेखाचा उद्देश आहे.

इंजिन पाणी उपसत होते. माती बैल ओढत होते. ट्रॅक्टर होते ते मोठ्या मळ्यांसाठी. फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर 24 एप्रिल 1959 रोजी बाहेर पडला. 1961 साली देशभरात मिळून 880 ट्रॅक्टर बनले. मुंबईत महिंद्रांनी 1963 मध्ये इंटरनॅशनल कंपनीबरोबर भागीदारी केली आणि त्यांचा बी-275 पुढे महाराष्ट्रात घरोघरी नाव झालेला ट्रॅक्टर ठरला. त्या काळात नोंदणी केली की नंबर लागायला वर्षे जात. पस्तीस हॉर्सपॉवरचे ते यंत्र सलग जमिनीला शोभणारे होते. वालचंदनगरसारख्या ठिकाणी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन सलग पट्टे केलेले होते. तिथे सरळ रस्ते, सरळ पाट, वळायला जागा. 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर हे मळे 1963 मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेले आणि ज्यांनी खंडाने जमिनी दिल्या होत्या ते खंडकरी शेतकरी त्या परत मिळवण्यासाठी कित्येक दशके झगडले.

बाकी महाराष्ट्राची गोष्ट वेगळी होती. 1948 चा कुळकायदा, आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारी कुळे जमिनीची मालक धरली गेली. लाखो लहान मालक तयार झाले. त्यांच्या मापाचे यंत्र मात्र देशात कुणी बनवत नव्हते.

ते जपानने बनवले, आणि त्याचे कारणही जमिनीतच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये 1946 पासून जमीन सुधारणा झाल्या. त्याआधी तिथली जवळपास निम्मी शेतजमीन कुळांच्या हाती होती. काही वर्षांत ती बहुतेक कसणाऱ्यांच्या मालकीची झाली. एकेकाकडे दोन-अडीच एकर. अशा माणसाला चार चाकांचा ट्रॅक्टर नको होता. कुबोटाने 1947 मध्ये टिलर केला, मित्सुबिशी, यानमार, इसेकी यांनी केले, आणि 1960 च्या दशकात तिथल्या भातशेतीत ते लाखोंनी चालत होते. आपल्याकडे त्याच दशकात जपानी टिलर आले. बंगळूरला 1967 मध्ये व्हीएसटीची कंपनी निघाली. केरळ सरकारने 1973 मध्ये काम्को स्थापन केली आणि कुबोटाच्या धर्तीचे टिलर सुरू केले. केरळ, कर्नाटक, बंगाल, आसाम या भातखाचरांच्या मुलखात ते लवकर रुजले. कोकणातही गेले. देशावर, आमच्या कडक जमिनीत, उशिरा आणि थोडे आले. जे आले ते बहुतेक द्राक्षाच्या, डाळिंबाच्या बागांत आले, कारण तिथे ओळींमधली वाट अरुंद होती.

रोटरची गोष्ट त्याहून जुनी आहे. आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नावाचा ऑस्ट्रेलियातला तरुण 1912 मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या गिलगांड्रा इथे वडिलांच्या शेतावर प्रयोग करत होता. नांगर माती उलटी करतो, पण ओढणाऱ्याच्या वजनाने खालची माती दाबली जाते. इंजिनाची ताकद ओढण्यात घालवण्याऐवजी सरळ पात्यांना दिली तर, असा त्याचा विचार होता. पहिल्या पात्यांनी माती बाजूला उडू लागली, म्हणून त्याने पाती इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवली. 1920 मध्ये पेटंट मिळाले, 1922 मध्ये कंपनी निघाली, 1938 मध्ये तो इंग्लंडला गेला. आज आमच्याकडे उसाच्या रानात जो रोटाव्हेटर फिरतो त्याचे मूळ हे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात बेंजामिन ग्रेव्हली या छायाचित्रकाराने मोटारसायकलीचे इंजिन घेऊन बागेसाठी एका चाकाचा नांगर केला, त्याचे पेटंट 1916 चे. ही दोन्ही माणसे मोठ्या कारखान्यातली नव्हती. आपल्या जागेपुरते जे हवे ते त्यांनी हाताने जोडून पाहिले.

माझ्या टिलरची पाती एल आकाराची नाहीत. जपानी टिलरला वाकडी, कोयत्यासारखी पाती असतात. भाताचे काड त्यांच्या धारेवरून सरकत टोकाकडे जाते आणि दांड्याला गुंडाळत नाही. हे मला मिस्त्रींनी दाखवले. हे मिस्त्री म्हणजे हायवेच्या कडेला वर्षानुवर्षे डिझेल इंजिनांचे काम केलेला माणूस, आता घरीच असतात. त्यांना आणायला पुतण्या गेला आणि ते मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर पान्ह्यांची पिशवी घेऊन आले.

पिस्टन सोडवणे हे पहिले काम. सायलेन्सरची टोपी नव्हती, त्यामुळे पावसाचे पाणी आत उतरले होते आणि वर कुंभारमाशीने मातीचे घर केले होते. मिस्त्रींनी घाईने घण मारू दिला नाही. हेड उतरवले, सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ ऑइल सोडले, आणि रोज सकाळ-संध्याकाळ फ्लायव्हीलला लाकडी तरफ लावून थोडे इकडे थोडे तिकडे हलवायला सांगितले. आडवे इंजिन असल्यामुळे तेल खालच्या बाजूला साचते, वरच्या कडेला पोचत नाही. म्हणून कापडाची घडी भिजवून आत वरून लावली. एका संध्याकाळी फ्लायव्हील बोटभर सरकले. पुतण्या घरात धावत सांगायला गेला. पिस्टन बाहेर काढला तेव्हा रिंगा खाचांत काजळीने चिकटल्या होत्या, लायनरला गंजाचे व्रण होते. लायनर नवा घातला, रिंगा नव्या, पिस्टन तोच ठेवला.

गिअरपेटीचे तेल सोडले तर ते दुधाच्या चहासारखे आले. पाणी शिरले होते. पेटी डिझेलने धुतली, बेअरिंगे हातात फिरवून आवाज ऐकले, दोन बदलली आणि ऑइल सील सगळी बदलली. क्लचच्या चकत्या एकमेकींना धरून बसल्या होत्या, त्या सोडवून घासल्या. इंजिनाकडून क्लचकडे ताकद नेणारे पट्टे तडकले होते. पट्टे बदलायचे तर सगळे एकदम, एका मापाचे. एक नवा आणि बाकीचे जुने ठेवले तर नव्यावरच सगळा भार येतो. चाकांना 6-12 चे टायर लागतात आणि ते अजून सहज मिळतात, याचे मला समाधान वाटले, कारण जुन्या यंत्राचा जीव पुष्कळदा टायरसाठी जातो.

सगळ्यात नाजूक काम पंप आणि नोझलचे. डिझेल पंपातला प्लंजर आणि त्याची नळी एकमेकांसाठीच घासून बनवलेली असतात. त्यांच्यामधली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या नळीत चालत नाही. जोडीच बदलावी लागते. पडून राहिलेले डिझेल आत डिंकासारखे घट्ट झाले होते. इंदापूरच्या पंपवाल्याने नोझल टेस्टरवर लावले, दांडा दाबला, आणि पहिल्यांदा नुसती धार आली. साफ करून, सीट घासून परत दाबल्यावर नोझल कर्र कर्र बोलले आणि धुके निघाले. मिस्त्री तिथे नव्हते, पण मी त्यांना फोनवर तो आवाज ऐकवला. ते म्हणाले, "आता बरोबर हाय. घेऊन या."

व्हॉल्व्ह त्यांनी पेस्ट लावून हाताने घासले. सक्शन कपची काठी दोन तळव्यांमध्ये धरून रवीसारखी फिरवायची. पुतण्याला हे काम दिले आणि तो ते इतके मन लावून करू लागला की मिस्त्रींनी त्याला थांबवले. जास्त घासले तर सीट खोल जाते.

सुरू करण्याची पद्धत पुतण्याला आम्ही दोघांनी शिकवली. टाकीपासून पंपापर्यंतची हवा आधी काढायची; बोल्ट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यायचे. मग डिकंप्रेशनचा खटका उचलायचा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब धरत नाही आणि हँडल हलके फिरते. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, वेढा घालायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. फ्लायव्हीलला वेग आला की खटका सोडायचा. काठावरच्या प्रत्येक घरात हे ज्ञान होते. मोटारी आल्या, बटण आले, आणि एका पिढीत ते गेले. पुतण्याने बीएस्सी ॲग्री केली आहे, पण हँडल मारायला त्याला कुणी शिकवले नव्हते.

इंजिन पेटले तेव्हा आधी पांढरा धूर आला, मग काळा, मग साफ झाला. गल्लीतली जुनी माणसे गोळा झाली. एका चुलत्यांनी डोळे मिटून ऐकले आणि टॅपेट जरा सैल आहे म्हणाले. खरेच सैल होते.

आता या यंत्राचे दोष. टिलर लोकांनी टाकून का दिले याला कारणे आहेत आणि ती खोटी नाहीत. रोटरची रुंदी साधारण 60 सेंटिमीटर. एक एकर रान रोटर मारायचे तर मागे पावणेसात किलोमीटर चालावे लागते. बैलांच्या नांगराचे तास वीतभर रुंद धरले तर एकरामागे वीस किलोमीटर होत असत, त्या मानाने हे कमी. पण बैलामागे चालताना हात थरथरत नाहीत. टिलर धरून दिवस काढला की रात्री बोटे बधिर होतात. मजूर नको म्हणतात, आणि त्यांचे बरोबर आहे. बसून चालवायचे छोटे ट्रॅक्टर आले तेव्हा बागायतदार तिकडे वळले. व्हीएसटीचाच मित्सुबिशी शक्ती हा साडेअठरा हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर द्राक्षबागांत खूप चालला. नंतर महिंद्रांचा पंधरा हॉर्सपॉवरचा युवराज आला. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या कृषिक प्रदर्शनात दर जानेवारीत लोक अशा यंत्रांभोवती उभे असतात. टिलर गोठ्याच्या मागे गेले, तिथून बाभळीखाली, तिथून भंगारात.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाला घाबरवते. टिलरला स्टिअरिंग नसते. दोन मुठींखाली दोन खटके असतात. उजवा दाबला की उजव्या चाकाची ताकद तुटते आणि टिलर उजवीकडे वळतो. उतारावर मात्र उलटे होते. तिथे इंजिन चाकांना धरून ठेवत असते, म्हणून उजवा खटका दाबला की उजवे चाक मोकळे होऊन पुढे पळते आणि टिलर डावीकडे जातो. बांधावरून उतरताना हे लक्षात ठेवावे लागते. पुतण्याला मी आधी मोकळ्या उतारावर, रोटर बंद ठेवून, पहिल्या गिअरमध्ये पुन्हा पुन्हा उतरवले. हाताला कळले की मग डोक्याला आठवावे लागत नाही.

बागेत टिलर उत्तम चालतो, पण त्याची खरी जागा मला धरणाच्या पोटात सापडली. उजनीचे भूमिपूजन 1966 मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाले आणि 1980 मध्ये धरण पुरे झाले. एकूण 117 टीएमसी पाणी साठते, त्यातले 63 टीएमसीहून अधिक मृतसाठा. म्हणून आमच्याकडे पाणी संपत आले की उजनी मायनसमध्ये गेली असे म्हणतात. शून्याच्या खालीही निम्म्याहून जास्त धरण उरलेले असते. उन्हाळ्यात पाणी मागे सरते तशी शेतकरी मोटारी, पाइप, केबल घेऊन त्याच्यामागे जातात. 2024 च्या उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेले आणि जुन्या पळसदेवातले पळसनाथाचे दगडी मंदिर उघडे पडले. एरवी फक्त शिखर दिसते. आमच्या जुन्या घराचे जोते मला त्या वर्षी ओळखता आले.

मागे सरलेल्या पाण्याखालून जी जमीन निघते तिच्यात गाळपेर करतात. ती जमीन धरणासाठी संपादित झालेली, सरकारची. हंगामापुरती पिकवायला मिळते. वरून सुकलेली, खालून ओली. मोठा ट्रॅक्टर तिथे घातला की चाके रुततात आणि काढायला दुसरा ट्रॅक्टर आणावा लागतो. बैल आता कुणाकडे राहिलेले नाहीत. पीक निघायला वेळ थोडा असतो, कारण पाऊस लागला की वरच्या धरणांचे पाणी भीमेतून उतरते आणि रान परत बुडते. अशा ठिकाणी चारशे किलोच्या आसपासचे यंत्र, रबरी चाके काढून लोखंडी चाके लावली की, गाळावर तरते आणि वरचा पापुद्रा फोडून ओल वर आणते. मी त्यात मका आणि चाऱ्याचे पीक घेतले. शेजारच्या दोघांनी टिलर मागून नेला. एकाने परत आणताना पाती धुऊन, टाकी भरून आणली.

ही जमीन वडिलांच्या नावावर होती तेव्हा तिच्यात लोखंडी नांगर आणि चार बैल चालत. त्यांना कधी टिलर मिळाला नाही. त्यांच्या काळात टिलर जपानच्या खाचरात होता, ट्रॅक्टर वालचंदनगरच्या मळ्यात होता, आणि आमच्या काठावर फक्त पाणी उपसणारे इंजिन होते. आमच्या मापाचे यंत्र आले तोवर त्या मापाची जमीन पाण्याखाली गेली होती. मला याचे वाईट वाटते आणि ते लपवायचे कारण नाही. म्हणूनच चालू होऊ शकणारे यंत्र लोखंडाच्या भावाने वितळायला जाताना पाहवत नाही. संग्रहालयात रंग लावून उभे केलेले यंत्र मला अपुरे वाटते. त्याचे हँडल कुणीतरी मारले पाहिजे, त्याची हवा कुणीतरी काढली पाहिजे, तरच ते कसे चालत होते हे पुढच्याला कळेल.

पुतण्याने आता एक वही केली आहे. पळसदेव, डाळज, भादलवाडी, कळाशी या बाजूच्या गोठ्यांत, विहिरींवर, भंगारात जे जुने इंजिन किंवा टिलर दिसेल त्याच्या पाटीवरची अक्षरे, हॉर्सपॉवर, फेरे, कुणी कधी घेतले आणि कशाला वापरले हे तो लिहून घेतो. पाटी गंजलेली असेल तर कागद ठेवून पेन्सिल घासतो. म्हाताऱ्या माणसांना इंजिनाचे साल लक्षात नसते, पण त्या साली कुणाचे लग्न झाले, कुठला दुष्काळ होता, गाव वर आले होते की नव्हते हे लक्षात असते, आणि त्यावरून साल लागते. 1972 चा दुष्काळ या कामी फार उपयोगी पडतो. बहुतेक इंजिने त्याच्या अलीकडची किंवा पलीकडची म्हणून ओळखली जातात.

टिलरच्या साखळीपेटीतून अजून थोडे तेल गळते. त्या मापाचे सील इंदापुरात मिळाले नाही, ते पुण्याहून मागवले आहे. पुढचे काम कळाशीच्या बाजूच्या एका विहिरीवरचे आहे. तिथे एक जुने डिझेल इंजिन सिमेंटच्या ओट्यावर बोल्ट गंजून बसले आहे, आणि त्याच्या बिडावर सातारा रोड एवढीच अक्षरे वाचता येतात. मालकाने न्यायला परवानगी दिली आहे. मिस्त्रींनी बोल्टांना तेल सोडून ठेवायला सांगितले आहे, आणि वर काढायला साखळीपुली कुणाची आणायची एवढे ठरवायचे बाकी आहे.